जुनी खुर्ची घेताय? आधी ती उलटी करा

जुनी आरामखुर्ची घ्यायला गेलेला नवखा माणूस दोनच गोष्टी बघतो: कापड कसं आहे आणि पॉलिश किती चमकतंय. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून विक्रीला काढताना खर्चही याच दोन गोष्टींवर होतो. खुर्चीचं वय, तिच्या दुरुस्त्या, तिचं उरलेलं आयुष्य हे सगळं मात्र बैठकीच्या खाली असतं, आणि तिकडे वाकून कोणी बघत नाही. मी आता खुर्चीत बसण्याआधी ती उलटी करते. विकणाऱ्याला चालत नसेल तर तिथेच नमस्कार करून निघते.

हा लेख पहिल्यांदाच जुनं बसायचं सामान घेणाऱ्यांसाठी आहे. संग्राहकांना यात नवीन काही सापडणार नाही.

'अँटिक' म्हणजे साधारण शंभर वर्षांहून जुनी वस्तू, असा संकेत बहुतेक ठिकाणी पाळतात. 'व्हिंटेज' हा शब्द ढगळ आहे. वीस-पंचवीस वर्षांपासून शंभरीच्या आतलं काहीही त्यात बसवलं जातं. आणि 'अमुक शैलीतली' असं लिहिलेलं दिसलं तर ती त्या काळातली आहे असा दावा विकणाऱ्याने केलेलाच नाही, हे ध्यानात घ्या. कालच बनवलेली खुर्चीही अठराव्या शतकाच्या शैलीतली असू शकते.

१. घरातली मापं आधी घ्या

खुर्ची कुठे ठेवणार आणि तीत बसून काय करणार, हे आधी ठरवा. टेबलाशी बसायचं असेल तर बैठक जमिनीपासून साधारण ४२ ते ४६ सेंटीमीटर उंच हवी, आणि बैठक व टेबलाचा पृष्ठभाग यांत २५ ते ३० सेंटीमीटर जागा सुटायला हवी. हात असलेली खुर्ची टेबलाखाली जात नाही, ही तक्रार नेहमीची. त्यामुळे हातांची उंचीही मोजा. वाचायला, टेकून बसायला हवी असेल तर बैठक थोडी खाली चालते, पण गुडघेदुखी असलेल्या माणसाला ३८ सेंटीमीटरच्या खालची खुर्ची म्हणजे रोजची शिक्षा.

मग दरवाजा, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजा. रुंद पाठीची, कानवाली विंग चेअर दारातून सरळ जात नाही. ती आडवी करून, आधी पाठ आणि मग पाय अशी वळवत न्यावी लागते. त्या वळवण्याला लागणारी जागा मोजायला लोक विसरतात.

२. सोबत काय न्यायचं

- मोजपट्टी
- टॉर्च (मोबाइलचा चालेल, पण वेगळा असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात)
- व्हर्नियर कॅलिपर, साधा प्लॅस्टिकचासुद्धा
- छोटं भिंग
- लहान लोहचुंबक
- काळा कागद
- घरातल्या मापांची चिठ्ठी आणि त्या कोपऱ्याचा फोटो

चुंबक पितळेसाठी. पितळी म्हणून दाखवलेली चाकं, खिळ्यांची डोकी किंवा पट्ट्या चुंबकाला चिकटल्या तर ते पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड आहे. बाकीच्या वस्तूंचं काम पुढे येईल.

३. कोणती खुर्ची कुठे मोडते ते माहीत करून घ्या

प्रकारांची नावं पाठ करायची गरज नाही. प्रत्येक प्रकाराचं दुखणं ठरलेलं असतं, ते माहीत असलं की पुरे.

विंग चेअर सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे ते कान गार वाऱ्याची झुळूक अडवायला होते. हिचा सगळा सांगाडा कापडात लपलेला, म्हणून फसगत सोपी. कानाचं वरचं टोक धरून हलकेच पुढेमागे करा. पाठीपासून वेगळा हलत असेल तर आतला सांधा सुटलेला आहे, आणि तो पक्का करायचा तर कापड उतरवावंच लागेल.

फ्रेंच पद्धतीच्या खुर्च्यांत हातांखालची बाजू कापडाने बंद असेल तर ती बर्जेर, उघडी असेल तर फोतेय. मूळ घडण अठराव्या शतकातली, पण पुढच्या दोन शतकांत हिच्या इतक्या नकला झाल्या की बाजारात दिसणाऱ्या पुष्कळशा त्याच असतात. नकल वाईट नसते. शंभर वर्षांपूर्वीची चांगली नकल रोजच्या वापराला उत्तम, फक्त तिला मूळची म्हणून किंमत देऊ नका.

विंडसर खुर्चीत एकच जाड फळी बैठक म्हणून असते. पाय खालून आणि पाठीच्या काड्या वरून तिच्यातच रोवलेल्या असतात. काड्या एकेक करून फिरवून बघा. बोटांनी फिरली तर ती सैल आहे. फळीला पुढून मागे गेलेली चीर असेल तर घेऊ नका.

वाफवून वाकवलेल्या बीच लाकडाची कॅफे-खुर्ची सगळ्यांनी पाहिलेली असते. मिखाएल थोनेट यांची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात ती उभी राहते. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती जगभर गेली. थोनेट यांचा एकाधिकार १८६९ मध्ये संपला आणि याकोब व योझेफ कोन यांच्यासारख्या स्पर्धकांनी तशाच खुर्च्या काढल्या. तेव्हा वाकवलेलं लाकूड दिसलं की थोनेट, असं समजू नका. बैठकीच्या गोल कड्याच्या आतल्या बाजूला ठसा किंवा कागदी लेबल असतं का बघा. स्क्रू घट्ट करता येतात, म्हणून या खुर्चीचं हलणं फारसं गंभीर नसतं. वाकवलेल्या भागावर लांबट तडा असेल तर मात्र सोडून द्या.

हाताच्या फळ्या पुढे लांब आलेली, पाय पसरून पडायची वेताची आरामखुर्ची घेताना, पाय ठेवायच्या फळ्या जिथे फिरतात ती खीळ तपासा. पूर्ण उघडून त्यांवर थोडा भार देऊन बघा.

विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या खुर्च्यांत भानगड वेगळी. त्यांतल्या बऱ्याच आजही बनतात. हान्स वेग्नर यांची विशबोन खुर्ची १९५० पासून सतत उत्पादनात आहे. काही वर्षं वापरलेली नवीच खुर्ची 'व्हिंटेज' म्हणून पुढे येते ती अशी. चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या १९५६ च्या लाउंज चेअरमध्ये पाठीचे भाग रबरी जोडांवर बसवलेले आहेत. जुन्या खुर्चीत ते रबर कडक होतं, चिकटवण सुटते, आणि मागे रेलल्यावर पाठ निखळून प्लायवूडही चिरतं. जोड कधी बदलले, हे विचारल्याशिवाय तीत रेलूसुद्धा नका. चंडीगडच्या सरकारी इमारतींसाठी घडवलेल्या, प्येर जानरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागवानी वेताच्या खुर्च्यांवर कार्यालयांची रंगवलेली अक्षरं असतात आणि लोक त्यांना पुरावा मानतात. ती अक्षरं रंगवायला एक ब्रश पुरतो.

४. आता उलटी करा

जमिनीवर चादर किंवा गोणपाट टाका आणि दोघांनी मिळून खुर्ची तोंडावर पाडा. हात धरून उचलू नका. बैठकीच्या चौकटीला धरा. खाली काळं किंवा पांढरं पातळ कापड ठोकलेलं असेल, तर एका कोपऱ्यातून ते थोडं उचलू देण्याची विनंती करा. या कामाला घाई करू नका.

*लाकडाचा रंग.* न दिसणाऱ्या बाजूला जुनं लाकूड कोरडं, करडं-तपकिरी आणि जागोजागी वेगळ्या छटेचं असतं. हवा पोचते तिथे गडद, झाकलेलं तिथे फिकट. सगळीकडे एकसारखा गडद रंग फासलेला दिसला तर काहीतरी लपवायचं होतं असं समजा: नवं लाकूड, नाहीतर नवा तुकडा.

*करवतीच्या खुणा.* हातकरवतीच्या रेघा सरळ पण अनियमित असतात. कमानीसारख्या वळणाऱ्या रेघा गोल करवतीच्या, आणि ती एकोणिसाव्या शतकात सर्रास वापरात आली. १७५० सालची म्हणून दाखवलेल्या खुर्चीच्या मूळ चौकटीवर अशा कमानी दिसल्या तर पुढचं बोलणं आवरतं घ्या.

*स्क्रू.* अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला. तो दिसला म्हणजे खुर्ची खोटी असं नाही, पण त्या जागी नंतर हात लागलाय हे नक्की. हाताने केलेल्या जुन्या स्क्रूची खाच बहुतेकदा मधोमध नसते आणि टोक बोथट असतं.

*कातीव पाय.* म्हणजे लेथवर फिरवून गोल केलेले. कॅलिपर इथे लागतो. लाकूड वर्षानुवर्षं वाळताना रेषांच्या आडव्या दिशांना कमी-जास्त आकसतं, त्यामुळे कातलेला गोल पाय जुना झाला की किंचित लंबगोल होतो. पायाच्या एकाच उंचीवर माप घ्या, मग कॅलिपर काटकोनात फिरवून परत घ्या. मिलिमीटरभराचा फरक निघाला तर ती जुनेपणाची चांगली खूण. चारही पाय लंबगोल आणि एकच अगदी गोल, तर तो एक बदललेला असण्याचा संभव मोठा.

*खिळ्यांची भोकं.* कापड चौकटीला चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून बसवत. प्रत्येक वेळी कापड बदललं की भोकांची नवी रांग पडते. शंभर वर्षांच्या खुर्चीच्या चौकटीवर अशा दोन-तीन पिढ्या दिसायला हव्यात. फक्त स्टेपलची एकच रांग आणि खाली कोरं लाकूड असेल, तर ती चौकट विकणारा सांगतो तितकी जुनी नाही. उलट, भोकांनी लाकडाची पार चाळण झाली असेल तर नव्या चुका धरणार नाहीत आणि पट्टी बदलण्याचा खर्च येईल.

*छिन्नीचे आकडे.* उचलून काढता येणारी बैठक असेल तर ती काढा. चौकटीच्या आतल्या कडेला आणि बैठकीच्या खालच्या बाजूला छिन्नीने मारलेल्या उभ्या-तिरक्या रेघा दिसू शकतात: I, II, III, IIII, V. एका संचातल्या खुर्च्या बनवताना कुठली बैठक कुठल्या चौकटीत, हे कळावं म्हणून कारागीर हे आकडे घालत. चौकटीवर III आणि बैठकीवर V असेल तर अदलाबदल झालीय, आणि कधीकाळी किमान पाच खुर्च्या होत्या हेही कळतं. खोल, वेगाने मारलेल्या त्या रेघांच्या आत मळ साचून त्या काळ्या पडलेल्या असतात. ताज्या मारलेल्यांच्या तळाशी फिकं लाकूड दिसतं.

*झीज.* झीज हात-पाय लागतात तिथेच हवी: हातांच्या पुढच्या टोकांना, पुढच्या आडव्या पट्टीवर टाचा टेकतात तिथे, पायांच्या तळाशी. जिथे कोणाचा हात पोचत नाही तिथे ओरखडे आणि गोलाई दिसली, तर ती वर्षांनी नव्हे, पॉलिश पेपरने आलेली आहे.

तळाशी पायांत भोकं असतील तर तिथे चाकं होती. ती काढल्याने खुर्ची बुटकी झालेली असते, आणि फक्त पुढची काढली असतील तर ती पुढे कललेली असते.

५. सांधे हलवून बघा

खुर्ची सरळ करून सपाट जमिनीवर ठेवा (दुकानाची फरशी सपाट असेलच असं नाही, जागा बदलून बघा). एक हात पाठीवर, एक बैठकीच्या पुढच्या कडेवर ठेवून कर्णाच्या दिशेने हळू ढकला. सगळ्यात जास्त ताण मागचे पाय आणि बैठकीची बाजूची पट्टी मिळते त्या सांध्यावर येतो, म्हणून डोळा तिथे ठेवा.

सांधा सैल असणं हा मोठा दोष नाही. जुन्या खुर्च्या जनावरांच्या सरसाने जोडलेल्या असतात. तो ओल आणि उष्णतेने सुटतो, सांधा स्वच्छ करून पुन्हा भरता येतो. उतरलेल्या किमतीत सैल सांध्यांची चांगली खुर्ची मिळाली तर मी आनंदाने घेते. भीती वाटते ती 'पक्क्या' केलेल्या खुर्चीची: कोपऱ्यात लोखंडी पट्ट्या, सांध्यातून आरपार ठोकलेले खिळे, बाहेर ओघळलेला इपॉक्सी गोंद. तो सांधा पुढे उघडायचा तर लाकूड फाटतं. शंभर टक्के न हलणारी पण कोपऱ्यांत लोखंड भरलेली खुर्ची, हा नवख्यांना सर्वात जास्त भुलवणारा माल.

६. कीड आणि ढेकूण

लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भोकं एक-दोन मिलिमीटरची, गोल असतात. भोकं आहेत म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही. ती किडा बाहेर पडल्याची असतात, कदाचित फार पूर्वी. भोकाच्या कडा मळलेल्या असतील तर जुनी, आतून फिकं लाकूड आणि कडा धारदार असतील तर ताजी. पायाखाली काळा कागद ठेवून चौकटीवर मुठीने ठोका. फिक्या रंगाचा बारीक भुसा पडला तर संशय घ्या. भोकांच्या जागी नखाने दाबल्यावर लाकूड आत गेलं तर विषय संपला. बीचचं लाकूड किड्याला फार आवडतं, हेही लक्षात असू द्या.

कापडाच्या खुर्चीत ढेकूण शोधा: शिवणीच्या घड्या, पाठ आणि बैठकीमधली फट, तळाच्या कापडाची कड. काळे बारीक ठिपके आणि पारदर्शक सालपटं ही खूण. ढेकणांची शंका असलेली खुर्ची कितीही सुंदर असो, फुकटातही घरात आणू नका.

७. बैठकीच्या आत काय आहे

वेताची बैठक दोन तऱ्हेची. चौकटीत सगळीकडून ओळीने भोकं असतील आणि वेत त्यांतून ओवला असेल तर हातविणीचं काम. ते पुन्हा विणायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त. चौकटीला खोबणी असून तयार विणलेली जाळी पट्टीने दाबून बसवली असेल तर बदलणं सोपं. किंचित झोळ पडलेला वेत खालच्या बाजूने कोमट पाण्याच्या फडक्याने ओलावून वाळू दिला तर पुष्कळदा ताणून येतो. कडेला तुटलेला वेत मात्र पुढे उसवतच जातो.

भरलेल्या बैठकीत स्प्रिंगा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिरल्या. त्याआधी नवारीच्या पट्ट्यांवर घोड्याचे केस, गवत असली भरण असे. तळाशी हात घालून नवार दाबा. पोटासारखी खाली लोंबत असेल तर बदलावी लागेल. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या लाकडी आरामखुर्च्यांत ताग-नवारीऐवजी रबरी पट्टे असतात. ते कडक होऊन चिरतात, पण बदलणं हलकं काम आहे. जुना फोम दाबल्यावर चुरा होऊन पडत असेल तर तो बदलायचाच. पॉलियुरेथेन फोम फर्निचरमध्ये १९५० च्या दशकानंतरच सर्रास आला, त्यामुळे 'मूळ भरण' म्हणून दाखवलेल्या एकोणिसाव्या शतकाच्या खुर्चीत तो निघाला तर दावा तिथेच कोसळतो.

किंमत ठरवण्याआधी गाद्या भरणाऱ्या कारागिराकडून कापड, भरण आणि मजुरीचा अंदाज घ्या. तो खर्च बरेचदा खुर्चीच्या किमतीच्या पुढे जातो.

आणि हो, बसून बघा. दोन मिनिटं नव्हे, वीस. फोनवर बोला, मासिक चाळा. पाठ कुठे टोचते हे पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.

८. पॉलिशला घाईने हात लावू नका

जुनं पॉलिश बहुधा लाखेचं असतं. आतल्या बाजूला, न दिसेल अशा जागी स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर लाख. लाखेचं पॉलिश खरवडून काढायची गरज क्वचितच पडते, त्याच्यावरच नवा हात देता येतो. दुकानदार 'तासून नवी करून देतो' म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. लाकडावर जमलेला वर्षांचा रंग एकदा गेला की परत आणता येत नाही. रंगवलेल्या जुन्या खुर्चीच्या रंगात शिसं असू शकतं. घरात, विशेषतः लहान मुलं असतील तर, ती घासू नका.

९. पैसे देताना मागायचे कागद

- पावती: त्यावर वस्तूचं वर्णन, अंदाजे काळ, लाकूड आणि 'शैलीतली' की 'काळातली' हे स्पष्ट
- केलेल्या दुरुस्त्या आणि बदललेले भाग, लेखी
- निर्मात्याचं नाव सांगितलं असेल तर ते कशावरून, त्याचा फोटो किंवा जुनं बिल
- परत घेण्याची अट आणि मुदत
- ठसे, लेबलं, आकडे यांचे तुम्ही स्वतः काढलेले फोटो

तोंडी सांगितलेलं जे पावतीवर उतरवायला विकणारा तयार होत नाही, ते किमतीत धरू नका.

परदेशातून मागवत असाल किंवा खुर्ची घेऊन दुसऱ्या देशात जाणार असाल तर लाकडाची जात महत्त्वाची. ब्राझिलियन रोजवूड १९९२ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सर्वात कडक यादीत आहे, आणि २०१७ पासून शिसवीचं सगळं कुळ दुसऱ्या यादीत घेतलं आहे. सीमेवर परवाना मागू शकतात. जुनी आहे एवढं म्हणणं पुरत नाही.

१०. घरी आणल्यावर

पहिले काही आठवडे खुर्ची बाकी फर्निचरपासून दूर, काळ्या कागदावर ठेवा आणि भुसा पडतो का ते बघत राहा. थेट ऊन, हीटर आणि एसीचा झोत यांपासून लांब ठेवा. एकदम कोरडी हवा लागली की चांगले सांधेही उघडतात. पुसायला कोरडं मऊ फडकं पुरे, वर्षातून एकदा-दोनदा मेणाचं पातळ बोट. सिलिकॉनचे चकाकीचे स्प्रे वापरू नका, पुढे पॉलिश करताना ते लाकडाला नवा थर धरू देत नाहीत.

कापड बदलायला द्याल तेव्हा कारागिराला तीन गोष्टी आधीच सांगा. जुनं कापड फेकू नको, तुकड्यांवर खडूने जागा लिहून ठेव, नवं बेतायला तोच नमुना. कापड उतरल्यावर मला बोलव, सांगाडा उघडा असताना बघायचाय आणि सांधे तेव्हाच भरून घ्यायचेत. आणि आत घोड्याचे केस निघाले तर ते कचऱ्यात जाऊ देऊ नको; धुऊन, पिंजून ते पुन्हा भरता येतात आणि नव्या फोमपेक्षा जास्त टिकतात.